चादरीचं दुसरं टोक

“आवाज चढतो. टेबलावर हात आपटतो. ‘बघून घेईन’, ‘सोडणार नाही’ असलं बोलतो,” मॅडम एकेक बोट दुमडत सांगत होत्या. “असा माणूस आपल्यात असेल तर आधीच ओळखायचा. पाणी डोक्यावरून गेल्यावर नाही.”

मॅडमचं बोलणं संपायच्या आत अख्खा हॉल मागे वळला आणि भोंग्याकडे बघून खो खो हसायला लागला.

भोंगाही हसला. उभा राहिला, निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखे हात जोडले आणि गरजला, “हाच तो माणूस! दोर आणा!”

हसले सगळे. मॅडम नाही हसल्या. आणि कोपऱ्यात उभा असलेला मुकादमही नाही हसला.

कारखाना धुलाईचा. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी ट्रक भरभरून यायच्या. मोठ्या धडधडत्या पिंपात धुवायच्या, वाफेच्या रोलरमधून काढायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या. भोंगा उमेदीची सगळी वर्षं त्या पिंपापाशी होता आणि कान तिथेच ठेवून आला होता. दुसऱ्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा, पण स्वतःचा आवाज त्याला ऐकू यायचा नाही, म्हणून तो ओरडायचा. प्रेमानं विचारपूस केली तरी लोकांना वाटायचं भांडण काढतोय. घरी बायको म्हणायची, “अहो, मी पलीकडच्या गल्लीत नाही, तुमच्या शेजारी बसलेय.”

पण दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात एका कामगारानं साहेबाला भोसकलं होतं, तेव्हापासून इथल्या साहेबांच्या डोळ्याला डोळा नव्हता. म्हणून धोक्याची माणसं कशी ओळखायची ते शिकवायला ह्या मॅडम बोलावल्या. बाई वाईट नव्हती हो. जे शिकली होती ते मनापासून सांगत होती.

आता घडीचं काम कसं असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठी चादर एकट्याच्यानं होत नाही. दोन माणसं लागतात. दोन टोकं ह्याच्या हातात, दोन त्याच्या. ताणायची, झटकायची, आणि मग चालत एकमेकांसमोर यायचं. टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्या वेळी समोरच्याचं तोंड वीतभर अंतरावर असतं. मग मागे जायचं, पुन्हा यायचं. दिवसभर हेच. नवरा बायकोचं तोंड इतक्या वेळा बघत नसेल.

भोंग्याच्या समोर घुम्या. नावातच आलं सगळं. एकाला ऐकू यायचं नाही, दुसऱ्याला बोलायचं नाही. जोडी अशी जमली की सांगता सोय नाही. भोंगा दोघांच्या वाटणीचं बोलायचा आणि घुम्याच्या तोंडाकडे बघून उत्तर ओळखायचा.

मागच्या वर्षी घुम्याची बायको लेकीला घेऊन निघून गेली. कुठे, कोणाला पत्ता नाही. घुम्या दुसऱ्या दिवशी कामावर आला, चादरीची टोकं धरली, एक शब्द नाही. पण मुकादमाला कळायचं राहतंय थोडंच? त्या माणसाला दुसऱ्याची जखम दिसली की बोट घातल्याशिवाय चैन पडायची नाही.

“काय रे घुम्या, सापडली का? नीट बघ जरा, एखाद्या चादरीत गुंडाळून गेली असेल धुवायला!”

हॉल हसायचा. माणसं दिवसभर उभी राहून इतकी आंबलेली असायची की कशालाही हसायची. घुम्याच्या जबड्याचं हाड तेवढं वरखाली व्हायचं. ते दिसायचं एकट्या भोंग्याला.

आणि मग भोंगा सुरू व्हायचा. “ए मुकादमा! एक दिवस तुलाच रोलरमधून काढीन! सपाट करून घडी घालीन आणि कपाटात ठेवीन, तुझ्या बायकोला सांगीन, हा घ्या तुमचा माणूस, इस्त्री करून!”

आता हॉल दुप्पट हसायचा, आणि मुकादमाला हसायचा. घुम्याचा जबडा सैल पडायचा. वाफ घुम्याची आणि शिट्टी भोंग्याची, असा तो मामला होता.

पण मागच्या काही दिवसांत भोंग्याला एक गोष्ट दिसायला लागली होती. पिंपातून ओले कपडे ओढायला एक लांब लोखंडी आकडा असतो. तो पिंपाशेजारच्या खुंटीला असतो. एका सकाळी तो घुम्याच्या पायाशी, टेबलाखाली, टॉवेलात गुंडाळलेला दिसला.

“हे काय रे? घडीवाल्याला आकड्याचं काय काम? कान कोरायचाय?”

घुम्यानं मान खाली घातली. भोंग्यानं आकडा उचलला, खुंटीला अडकवून आला. दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा टेबलाखाली. भोंगा पुन्हा ठेवून आला. मग ते रोजचंच झालं. घुम्या आणायचा, भोंगा नेऊन ठेवायचा. भोंग्यानं हे कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नाही. जोडीदाराची चहाडी करायची नसते. आणि बायको गेली, लेक गेली, आता नोकरीही गेली तर त्या माणसाला उरलं काय? मी आहे ना समोर, असं त्याला वाटायचं.

मॅडमच्या त्या तासानंतर दोनच दिवसांनी भोंग्याला ऑफिसात बोलावलं. साहेब, मॅडम, आणि बाजूच्या खुर्चीवर मुकादम.

“तुम्ही मुकादमांना रोलरमधून काढीन म्हणालात?” मॅडमनी विचारलं.

“म्हणालो की! रोज म्हणतो! काल तर बॉयलरात घालीन म्हणालो!”

“जरा हळू बोला.”

“हळूच बोलतोय!”

“साहेब, माझी पोरं लहान आहेत,” मुकादम म्हणाला. आणि ते काही नाटक नव्हतं. खरंच घाबरला होता तो. जे दुसऱ्याला टोचतात त्यांची स्वतःची कातडी फार पातळ असते.

भोंग्यानं त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, हे हसण्यावारी जायचं नाही.

“मॅडम, माझं सोडा. माझं काय, भरलं की वाजतं. तुम्ही त्या घुम्याकडे लक्ष द्या.”

“का? काय केलं त्यांनी?”

आकडा अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण मुकादम कान टवकारून बसला होता. त्याच्या हातात हे दिलं तर संध्याकाळपर्यंत घुम्या रस्त्यावर. भोंग्यानं ते गिळलं.

“केलं काही नाही.”

“कोणाला काही बोलले?”

“नाही.”

“आवाज चढवला? धमकी दिली?”

“अहो बाई, देत नाही हेच तर म्हणतोय मी!” आणि भोंग्याचा हात धाडकन टेबलावर पडला.

पाण्याचा ग्लास उडाला तो साहेबांच्या मांडीवर. मुकादम खुर्चीसकट मागे सरकला. मॅडमनी त्या दिवशी दुमडलेल्या बोटांपैकी एकही शिल्लक राहिलं नव्हतं.

“चौकशी होईपर्यंत घरी बस,” साहेब पँट झटकत म्हणाले. “गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही.”

जाताना भोंग्याला हॉलमधून जावं लागलं. घुम्या दोन टोकं धरून उभा होता. चादरीचा दुसरा अर्धा भाग जमिनीवर लोळत होता. भोंगा ओरडला, “सांभाळ रे!” घुम्यानं मान हलवली. एवढंच.

घरी बसलेला भोंगा म्हणजे दावणीला बांधलेला वळू. बायकोनं घरातल्या सगळ्या चादरी त्याच्याकडून धुऊन घेतल्या, त्याला जरा काम म्हणून. एका संध्याकाळी रोलरवरची मावशी घरी जाता जाता दारात थांबली.

“कसं काय चाललंय?” भोंग्यानं विचारलं. “माझ्या जागी कोण?”

“कोण असणार? माणसं कमी. मुकादमच उभा राहतो.”

“कुठे?”

“तुझ्या जागी रे. घुम्यासमोर. दिवसभर. आणि तोंडाचा पट्टा चालूच. आता तर काय, पुढ्यातच सापडलाय बिचारा.”

भोंगा उठून उभा राहिला. “मावशी, टेबलाखाली आकडा बघितलास?”

“कसला आकडा? मी रोलर बघू का टेबलाखाली वाकून बघू?”

सकाळी भोंगा कपडे करून निघाला. बायको आडवी आली. “अहो, कशाला जाता? त्यांनी येऊ नको म्हटलंय ना? आगीतून फुफाट्यात पडाल.”

“सांगून येतो. नुसतं सांगून येतो.”

“मग एक ऐका. हळू बोला. देवाशपथ हळू बोला.”

वाटभर तो हळू बोलायची सवय करत गेला. ‘दादा, एक निरोप होता. दादा, एक निरोप होता.’ समोरून येणारे बाजूला होत होते.

गेटवाला त्याच्या ओळखीचा. एका कपातला अर्धा अर्धा चहा प्यायलेले ते. पण भोंगा दिसल्याबरोबर त्यानं गेटची कडी लावली.

“दादा, एक निरोप होता,” भोंगा हळू म्हणाला.

मागे ट्रक घरघरत होता. “काय?”

“एक निरोप होता!”

“दादा, मला हुकूम आहे. तू जा कसा.”

“मला आत नाही यायचं रे! मुकादमाला सांग, घुम्यासमोर उभा राहू नको म्हणावं! आकडा काढून घ्या! आकडा!” आणि गेट धरून तो गदागदा हलवायला लागला.

गेटवाल्यानं काय बघितलं? घरी बसवलेला माणूस, तोंड लाल, गेट हलवतोय, मुकादमाचं नाव घेतोय आणि आकडा आकडा ओरडतोय. त्यानं फोन उचलला. मॅडमनी शिकवलं होतं तसंच केलं, जराही चुकला नाही. असा माणूस गेटवर आला की आतली दारं बंद करायची, आणि ज्यानं त्यानं आहे तिथेच थांबायचं.

हॉलचं शटर खाली यायला लागलं.

“पाडू नका! अरे तो आत आहे! आत!”

भोंगा इतक्या जोरात आयुष्यात ओरडला नसेल. आतल्या माणसांना रोलरच्या आवाजात शब्द कळले नाहीत, ओरडणं तेवढं ऐकू आलं. त्यांना वाटलं, बरं झालं बाबा, शटर वेळेवर पडलं.

भोंगा दोन्ही हातांनी गेट धरून उभा राहिला. कानांनी नाही, पण लोखंडातून त्याला कारखाना कळायचा. रोलरची थरथर गेटापर्यंत यायची. तो रोलर जेवणाच्या सुट्टीतही बंद होत नसे. ती थरथर त्याच्या तळव्यांत होती, होती, आणि मग थांबली.

भोंग्यानं गेट सोडलं आणि तो तिथेच फरशीवर खाली बसला. “काय झालं रे तुला?” गेटवाला विचारत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं.

आतलं मावशीनं नंतर सांगितलं. शटर पडल्यावर मुकादमाच्या जिवात जीव आला. भीती उतरली की काही माणसांची जीभ जास्त सुटते. हातात चादर होतीच. म्हणाला, “घुम्या, तुझा वाली आलाय बघ गेटवर. बायकोचा पत्ता घेऊन आला असेल.” आणि सवयीनं सगळे भोंगा काही बोलेल म्हणून थांबले. कोण बोलणार? घुम्या चालत पुढे आला. टोकं नीट जुळवून मुकादमाच्या हातात दिली. मग खाली वाकला. दोन्ही हातांत चादर असलेल्या माणसाला हात वर करायलाही वेळ मिळत नाही. मुकादम दवाखान्यापर्यंत पोचला नाही. घुम्या पोलीस येईपर्यंत टेबलापाशी बसून होता.

आठवड्यानं मॅडम भोंग्याच्या घरी आल्या. चहाला नको म्हणाल्या.

“तुम्हाला आकड्याचं माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ऑफिसात का नाही बोललात?”

भोंगा काहीतरी म्हणाला. मॅडमना ऐकू आलं नाही. त्या पुढे वाकल्या. बायकोही वाकली. तिला तर खरंच वाटेना की हे आपल्याच नवऱ्याचं तोंड.

“जोडीदार होता माझा,” भोंगा पुन्हा म्हणाला.

मॅडम उठल्या. दारात चप्पल घालताना त्यांना ती बराच वेळ सापडेना, पायापाशीच होती तरी.

चौकशी मिटली. माणसं कमीच होती, भोंग्याला परत बोलावलं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. “आता कसा शहाण्यासारखा बोलतोस. आधीच असा असतास तर?” भोंगा हो म्हणाला. हल्ली तो सगळ्याला हो म्हणतो. त्याची भीती आता कोणाला वाटत नाही.

फक्त त्याच्यासमोर चादर धरायला कोणी तयार होत नाही. जो तो दुसरं काम काढतो. म्हणून त्यानं आपलं टेबल पिंपाच्या बाजूला सरकवून घेतलं. आकडा पोलीस घेऊन गेले, ती खुंटी तिथे रिकामीच होती. चादर उभी दुमडून तिची दोन टोकं तो त्या खुंटीला अडकवतो. मागे जातो, ताणतो, झटकतो, आणि आपली टोकं घेऊन चालत भिंतीपाशी येतो.

तिथे आल्यावर तो जरा थांबतो. मान वर करून समोर बघतो, माणसाचं तोंड जिथे असतं तेवढ्या उंचीवर. मग खुंटीवरची टोकं स्वतःच काढून घेतो आणि खाली लोळणारी चादर उचलतो.