मोहरीच्या ओळीवरची भुंगेरी

ही गोष्ट २०२३ सालच्या कार्तिकातली, अमडापूरच्या शिवारातली. मित्रांनो, मी एक म्हातारी पिसू-भुंगेरी आहे. आकाराने मोहरीच्या दाण्याएवढी, रंगाने निळसर काळी. माझ्या मागच्या मांड्या जाड आहेत. कुणी जवळ आलं की त्यांच्या जोरावर मी टुणकन उडायचे. आता उडवत नाही. तीन महिने जगले. आमच्यात हे पणजीचं वय.

माझा जन्म मोहरीच्या मुळाशी, ओल्या मातीत झाला. अळी होते तेव्हा कोवळी मुळं कुरतडली, मग मातीतच कोष केला. एका सकाळी वर आले, तो समोर मोहरीच्या पानांचा तिखट वास. तो वास आठवला की अजून जीव हुरहुरतो.

ती मोहरीची ओळ जनकाबाईंनी पेरली होती. चारी बाजूंनी फिरलेल्या त्या ओळीच्या आत मातीचा उंच गादीवाफा होता आणि त्यावर त्यांच्या सुनेनं, सारिकानं, कोबीचं बी टाकलं होतं. तिची ही पहिलीच भाजी. बियाण्याची पुडी एकच. रोपं गेली तर यंदाचा कोबी गेला.

"आत्याबाई, मोहरीची तं पार चाळणी झाली. ठेवता काऊन?" सारिका म्हणाली.

"होऊ दे. त्या भुंगेऱ्यायचं पोट इथंच भरते, मंग ते तुह्या कोबीकडे जात नाहीत."

एके दिवशी दोघी बारशाला गेल्या. घरी गुलाबराव होते, जनकाबाईंचे यजमान. त्यांना शेतात काही वावगं दिसलेलं खपायचं नाही. भोकं पडलेली मोहरी पाहून ते पुटपुटले, "ह्या मोहरीनंच रोग आणला." त्यांनी सगळी ओळ उपटून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकली. दुपारपर्यंत पानं सुकली. आम्ही भुकेल्या शेकडोजणी कुठं जाणार? कोबीच्या रोपांना जेमतेम दोन-दोन पानं आली होती. ती आम्ही खाल्ली. मीही खाल्ली.

संध्याकाळी जनकाबाई वाफ्याशी थबकल्या. "मोहरी कोनं उपटली?"

"मीच. तुमचं काम हलकं केलं."

"आता त्यायले जेवाले कोनाच्या घरी धाडलं, ते पाहा."

सारिका वाफ्याजवळ खाली बसली. "मामाजी, पुडी एकच होती," एवढंच ती म्हणाली. गुलाबरावांना वर पाहवेना.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते एक पत्रा घेऊन आले. खालच्या बाजूला काळं वंगण फासलेलं. पत्रा रोपांवर धरून ते वाकून चालू लागले, आणि सारिका काडीनं रोपं हळूच हलवू लागली. आम्ही सवयीनं उडालो आणि वंगणाला चिकटलो. माझा एक पाय त्या पत्र्यावरच राहिला.

जनकाबाई झारीनं वाफा ओला ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं वाकून तं तुम्ही माह्या बापालेही नमस्कार नाही केला."

"त्यायची मोहरी नव्हती उपटली मी," गुलाबराव म्हणाले. सारिकाला आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा हसू आलं.

आठ दिवस पत्रा फिरला. निम्मी रोपं गेली. उरलेल्यांना नवी पानं फुटली, आणि एकदा ती थोराड झाली की आमच्या भोकांचं त्यांना फारसं काही वाटत नाही.

आता माघ लागला आहे. सारिकाच्या कोबीचे गड्डे बाजारात गेले. पुढच्या खेपेचं बी ती दोन वाफ्यांत टाकणार आहे. जनकाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण पान उलटून पाहायची सवय काही गेली नाही. गुलाबरावांनी मोहरी पुन्हा पेरली. शेळी फिरकली तरी ते काठी घेऊन धावतात. माझ्या बहिणी पत्र्यावर संपल्या. मी या नव्या मोहरीच्या मुळाशी अंडी घातली आहेत.

मित्रांनो, आम्हाला पिकावर मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. तुमचंही पोट त्यावरच आहे. फक्त एखादं झाड उपटण्याआधी, ते ज्यानं लावलं त्याला एकदा विचारा.