मागावर उगवलेलं तण

कुर्र.

सगळं घर दुपारचं झोपलेलं आणि नेमका तेव्हाच हा आवाज. भनिताने पाय होता तिथेच थांबवला. श्वासही धरला. चटईवरची चार वर्षांची तगर कुशीवर वळली, झोपेतच काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा गाढ झाली. भनिताने माझ्या खांबाला हलकीच चापट मारली. "किती बोलतोस रे!"

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी एक जुना हातमाग आहे. आसामातल्या एका गावात, नदीपासून हाकेच्या अंतरावर, गवताने शाकारलेल्या पडवीत माझी जागा आहे. माझी डाव्या पायाखालची पावडी फार वर्षांपासून कुरकुरते.

मला रत्नेश्वर नावाच्या तरुणाने घडवलं. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्याकडे ज्या घरात माग नाही तिथे नव्या सुनेचं मन कसं रमणार? त्याने शिसवीचे खांब तासले आणि बाकीचं सगळं आपल्याच बेटातल्या बांबूचं केलं. एक चूक मात्र झाली. बसायची फळी चार बोटं खाली बसली. नवी नवरी हेमप्रभा पहिल्यांदा माझ्यापुढे बसली तेव्हा तिची हनुवटी कापडाला टेकायची तेवढी राहिली. ती म्हणाली, "न बघताच लग्न केलंत, ते ठीक. निदान फळी तरी बघून करायची!" रत्नेश्वर इतका लाजला की दुसऱ्या दिवशी फळीखाली पाट ठोकूनच जेवायला बसला.

हेमप्रभाने माझ्यावर चाळीस वर्षं विणलं. पांढरे शुभ्र, लाल काठांचे, लाल फुलांचे गामोसे. गळ्यात घालायला गामोसा, देवाच्या पोथीवर गामोसा, पाहुण्याच्या हातात गामोसा. नामघरातले भजन म्हणणारे म्हातारे लांबूनच ओळखायचे, "हे हेमप्रभाचं फूल." तिला कौतुक मिळालं की मला खोबरेल तेल मिळायचं. आम्हा दोघांचं बरं चाललं होतं.

पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बाजारात यंत्रावरचे गामोसे गठ्ठ्याने येऊ लागले. माझ्यावर छत्र्या टांगल्या गेल्या. एका कोंबडीने माझ्या पोटात अंडी घातली. मी रागावलो नाही, मित्रांनो. अंडी सांभाळणं हेही कामच आहे. सातच्या सात पिल्लं बाहेर पडली.

मग भनिता सून होऊन आली. तिने छत्र्या उतरवल्या, कोळ्याची जाळी काढली आणि हेमप्रभाला विचारलं, "आई, याला तेल कुठलं लावायचं?" तोवर हेमप्रभा सगळ्या गल्लीची आइता, म्हणजे आजी झाली होती आणि बोलायला भलती तिखट. ती म्हणाली, "जे तू केसांना लावतेस तेच. तो काही तुझ्यापेक्षा कमी नटवा नाही."

आता गेल्या वर्षाची गोष्ट सांगतो. बोहाग बिहूच्या दिवशी, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, भनिताने कोळशाने माझ्या खांबावर लिहिलं, "पुढच्या बिहूआधी एक चादोर. फूल माझं." चादोर म्हणजे बायका खांद्यावरून घेतात ते लांब वस्त्र. आणि तिचं फूल कुठलं, तर जलपर्णीचं. घरामागच्या तळ्यात ती माजलेली असते. तिची जांभळट फुलं, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. भनिताने चौकडीच्या कागदावर ते एकेक घर भरून उतरवलं होतं.

आइताने कागद डोळ्यांशी नेला. "हे तण? अगं, गाईसुद्धा नाइलाज झाल्याशिवाय त्याला तोंड लावत नाहीत. आणि तू ते अंगावर घेणार?"

"घेणार," भनिता म्हणाली.

फूल विणायची आमची रीत अशी. फुलाच्या प्रत्येक ओळीचे धागे मोजून उचलायचे आणि त्यात बांबूची एक बारीक काडी अडकवून ठेवायची. एक ओळ, एक काडी. सगळ्या काड्या बसल्या की फूल माझ्या अंगात मुक्कामाला येतं. भनिताला वेळ कुठला? भात रटरटत असताना पाच मिनिटं, तगर झोपली की अर्धा तास. अशा उचललेल्या वेळातून तिने हातभर कापड विणलं आणि पुढच्या मोठ्या फुलाच्या चौऱ्याऐंशी काड्या भरल्या. त्याला पावसाळा उजाडला.

एका सकाळी ती तळ्यावर गेली असताना तगर माझ्याजवळ आली. तिला भातुकलीच्या चुलीला जळण हवं होतं. तिने एकेक करत सगळ्या काड्या ओढून काढल्या, नीट मोळी बांधली आणि आई आल्यावर म्हणाली, "मा, बघ किती लाकडं आणली!"

भनिताने तिला एक चापट मारली. मग स्वतःच माझ्या फळीवर बसून रडली. तगर रडायची थांबली तरी ती थांबेना. शेवटी तगरने तिच्या मांडीवर मोळी ठेवली आणि म्हणाली, "घे, तू स्वयंपाक कर."

त्यानंतर पूर आला. अंगणात गुडघाभर पाणी. माझी दुसरी फणी, जिच्यातून ताण्याचे, म्हणजे कापडाचे उभे धागे ओवतात, ती वाहून गेली. मग लावणी, मग तगरचा ताप, मग कापणी. खांबावरची अक्षरं पुसट झाली, पण गेली नाहीत. भनिता माझ्या जवळून जाताना तिकडे बघायची नाही, आणि ती बघत नाहीये हे मला कळायचं.

चैत्र लागला. आमच्याकडे हा वर्षाचा शेवटचा महिना. या महिन्यात गावात घराघरांतून मागाचा आवाज येतो, कारण बिहूच्या दिवशी थोरांच्या पाया पडून हातचा गामोसा द्यायचा असतो. भनिताला सात गामोसे विणायचे होते. माग एक, फणी एक, आणि तिच्यात ओवलेला चादोरचा ताणा. तो कापल्याशिवाय गामोशाचा ताणा चढणार नव्हता.

ती रोज कात्री घेऊन यायची, माझ्यापुढे बसायची आणि कात्री घेऊन परत जायची. चैत्राचे अकरा दिवस असेच गेले. मला बोलता आलं असतं तर म्हणालो असतो, काप पोरी, मला दुखत नाही. पण दुखणार होतं ते तिला.

"यंदा बाजारातून आणू या का?" तिने आइताला विचारलं.

"आण की. आणि पाया पण बाजारातल्याच माणसांच्या पड."

आइता काठी टेकत माझ्यापाशी आली. तिने त्या हातभर कापडावरून बोटं फिरवली. तिला आता दिसतं कमी, पण बोटं जागी आहेत. बराच वेळ फुलावर बोट ठेवून ती म्हणाली, "ऐक. तुला चादोर पाहिजे होती की हे तण?"

भनिताने विचार केला. "तण."

"मग तणाला कितीशी जागा लागते गं? ते कुठेही उगवतं."

मग भनिताने कात्री घेतली. कच्च, कच्च. ताणा सुटला, मी हलका झालो आणि ती चक्क हसली. हातभर कापड तिने घडी करून ट्रंकेत ठेवलं. त्याच रात्री चौकडीचा नवा कागद घेऊन तिने फूल लहान केलं. चौऱ्याऐंशी ओळींचं एकवीस ओळींचं, जांभळ्याचं लाल. आइता धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला बसली. काड्या एकेक करून हातात द्यायला तगर बसली, आणि एकही हरवली नाही.

पहिल्याच गामोशावर घाईत फूल चुकीच्या टोकाला विणलं गेलं. आइता म्हणाली, "राहू दे. हा माझा. म्हातारपणी कुठलं टोक पुढे, कुठलं मागे, कोण बघतंय?"

चैत्राच्या शेवटच्या दिवशी गाईंना हळद लावून आंघोळ घातली, तेव्हा सातवा गामोसा माझ्यावरून उतरत होता. दुसऱ्या दिवशी बिहू. भनिताने आइताच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गामोसा दिला. आइताने तो कपाळाला लावला, गळ्यात घातला आणि तशीच नामघरात गेली. तिथे कुणीतरी विचारलं, हे कुठलं फूल, आधी पाहिलं नाही. घरी येऊन तिने स्वतःच सांगितलं, "म्हटलं, आमच्या तळ्यातलं. आमच्या सुनेने काढलंय."

भनिता स्वयंपाकघरात निघून गेली. चुलीवर काहीच नव्हतं, तरी ती बराच वेळ तिथेच होती.

संध्याकाळी तिने ओल्या फडक्याने माझ्या खांबावरची जुनी अक्षरं पुसली आणि नवी लिहिली, "रोज चार बोटं." किती दिवसांत, ते लिहिलं नाही.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात मी एक गोष्ट शिकलो. वर्ष संपतं म्हणून काम संपत नाही, आणि काम राहिलं म्हणून वर्ष वाया जात नाही. ज्या हातांनी तगरला ताप असताना रात्रभर पट्ट्या ठेवल्या, त्या हातांना, कमी विणलं म्हणून, मी कसा बोल लावू? त्या हातांचा मी ऋणी आहे. तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल, किंवा कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काम घडी करून ठेवलेलं असेल. त्यावरची धूळ झटका. टाकू मात्र नका.

आज नव्या वर्षाची तिसरी दुपार आहे. तगर झोपलेली नाही. ती दारात उभी राहून कधीची मला न्याहाळते आहे.

"मा, घरात जो मोठा त्याच्या पाया पडायचं ना?"

"हो."

"माग तर आइताच्याही आधी या घरात आला. मग त्याच्या पाया कोण पडलं?"

भनिताने हातातला धोटा खाली ठेवला. तिने तगरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ती फळीवरून उठली.