मागचं दार

बाईंनी मासिक टेबलावर ठेवले आणि खूण घातलेले पान उघडले.

"ही कथा तुमचीच ना, काका?"

निवृत्त बातमीदार सुखावला. जन्मभर बातम्या खरडल्या, तेव्हा कौतुकाला चिटपाखरूही फिरकले नाही. आणि पहिली कथा छापून येते न येते तोच वाचक घर शोधत हजर! त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली.

बाई बसल्या नाहीत.

"यातला गोदामाचा पहारेकरी आगीतून बाहेर येतो, आणि आत अडकलेल्यांसाठी मागचं दार उघडायला परत फिरतो. ते माझे बाबा."

बातमीदाराचा चेहरा उतरला. बावीस वर्षांपूर्वी त्या आगीची बातमी त्यानेच दिली होती: पहारेकरी किल्ल्या घेऊन पळाला, आत तिघे गुदमरून मेले. दोघांनी सांगितल्याशिवाय तो एक ओळ लिहीत नसे, आणि हा नियम तो मोठ्या घमेंडीने चारचौघांत सांगत असे.

"खरं ठाऊक होतं तर तेव्हाच का नाही छापलंत? बाबांना पुन्हा कुणी कामावर ठेवलं नाही. गेल्या वर्षी गेले ते. आता तरी पेपरात लिहा. आईच्या हयातीत."

हो म्हणणे सोपे होते. ओठांवर आलेही होते.

"मला काही ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "ते मी मनानं रचलं. कथाच आहे ती."

बाईंनी उघड्या पानावर बोट ठेवले.

"पण बाबा हेच सांगायचे. तुमच्या कथेत दार उघडतं, तेवढंच खोटं. मालकांनी आदल्या दिवशी कुलूप बदललं होतं. किल्ली लागलीच नाही. तुम्ही बाबांना विचारलं असेल ना?"

त्याने कपाटातून त्या वर्षीची वही काढली, पान शोधले आणि पुढे धरले. पानावर दोनच नावे होती. बाईंनी ती सावकाश वाचली.

"मालक. आणि मालकांचा मेहुणा." त्यांनी मान वर केली. "हे दोघं धरलेत तुम्ही?"

त्याला स्वतःची लाज वाटली. वही मिटून त्याने खिशाला पेन लावले.

"तुमची आई बोलेल माझ्याशी?"

"बोलेल की. पण सांगणारी ती एकटीच. चालेल?"

बातमीदार दाराशी चपला शोधत होता.

"नवं कुलूप कुणीतरी बसवलं असेलच ना," तो म्हणाला. "त्यालाही विचारू."