ठमाबाईच्या माश्या

ठमाबाईला आपल्या उजव्या डोळ्याचा भारी तोरा. डावा लहानपणीच शिंगाळा माशाचा काटा लागून गेला होता. पण उरलेल्या एकाने ती बांगडा ताजा की बर्फातला, हे लांबूनच सांगायची. करंजाच्या बंदरावरून मासळी आणायची आणि खारवून पनवेलच्या बाजारात विकायची, हा तिचा धंदा. खारवायचं काम सुनेचं, विनिताचं. नावं ठेवायचं काम अर्थातच सासूचं.

त्या सकाळी दुकान मांडलं आणि खाऱ्या बांगड्यांवर माश्याच माश्या. मीठ कमी पडलं की माशी बसते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"मीठ काय माहेरी पाठवलंस?" ठमाबाई भर बाजारात कडाडली.

"आई, एक पन माशी नाय."

"म्हंजे मी आंधली?"

तिने फडका हाणला. माशी डावीकडे सरकली. नजर तिकडे वळवली, तर मेली आणखी पुढे. शेवटी ठमाबाईने ती चांगल्या कडक वाळलेल्या बांगड्यांची अख्खी पाटी कोंबड्यांना देऊन टाकली. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि विनिताचं तोंड एवढंसं झालं. मुलगा प्रणित मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "डोल्यात मध घाल." असला अक्कलवंत पोटी यायला पुण्यच लागतं!

दुपारी माल ठेवायला ठमाबाई दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत शिरली, तर डोळ्याच्या कोपऱ्यात लख्खकन चमकलं. परत चमकलं.

"वायर जलतेय!" ती ओरडली.

विनिताने वायर पाहिली, मग सासूकडे पाहिलं. "माशी आता कुठं हाय?"

"भिंतीवर. पत्र्यावर. तुझ्या टालक्यावर!"

"मंग ती डोल्यातच हाय. चला डाक्टरकडं."

ठमाबाईने डोळ्यावर हात ठेवला. हाही गेला तर? सगळी ऐट त्या एका डोळ्यावर होती. ती माल तसाच टाकून रिक्षात बसली.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून डोळा तपासला. "डोळ्याच्या आत पारदर्शक जेली असते. वयाबरोबर ती आकसते आणि मागच्या पडद्यापासून सुटते. तिच्यातल्या गुठळ्यांच्या सावल्या म्हणजे तुमच्या माश्या. बहुतेकदा त्यात घाबरण्यासारखं नसतं. पण एकदम घोळका आला, वर चमकायला लागलं, की पडदा ओढला जात असू शकतो. तुमचा थोडा फाटलाय. आजच लेझर मारू. थांबला असतात, तर पडदा सुटून दिसणंच गेलं असतं."

"आनि माश्या?"

"त्या राहतील. सवय होईल."

"एवढी शिकली आनि माशी हाकलता येत नाय," ठमाबाई पुटपुटली. पण हात विनिताचाच घट्ट धरला होता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती पुन्हा दुकानावर बसली. बांगड्यावर काळं काहीतरी हललं. फडका उचलला आणि तसाच राहिला. शेजारणींचे कान टवकारलेलेच होते. ठमाबाईने आवाज खाली आणला.

"विनिता, ही खरी काय खोटी?"

विनिता पाटी लावत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मना कशाला विचारता? कोंबड्यांना विचारा."

बायका फिस्सकन हसल्या. गिऱ्हाईक समोर उभं होतं, माशी हलत होती. तिने फडका सुनेच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "तूच बघ."