दुपारचा आकडा

टिक, टिक.

नखाचा आवाज होता तो. एका लहानशा कारखान्यात लांब टेबलापाशी एक बाई बसायची. तयार झालेल्या प्रत्येक मीटरच्या काचेवर ती नखाने दोनदा टिचकी मारायची, काटा अडकत नाही ना ते बघायला. माझ्या काचेवर टिचकी पडली तसा माझा काटा थरथरला आणि आपल्या जागी येऊन थांबला. "हा सरळ आहे," असं शेजारणीला सांगून तिने मला खोक्यात ठेवलं. जन्मल्या दिवशीच एवढं कौतुक वाट्याला आलं.

मी व्होल्टमीटर बोलतोय. तळहातात मावेन एवढा गोल, पांढऱ्या तबकडीचा. बॅटरीत किती जीव उरलाय ते सांगायचं, एवढंच मला येतं. शिक्षण म्हणाल तर आठ ते सोळा व्होल्ट. त्याच्या अलीकडचं नि पलीकडचं मला काही कळत नाही.

माझी पहिली नोकरी एका फिरत्या दवाखान्याच्या गाडीत होती. तिथला ड्रायव्हर माझ्यावर टोपी अडकवायचा. आठ वर्षं मी टोपीखाली काढली. मग गाडी मोडीत गेली आणि मी भंगाराच्या दुकानात, खिळ्यांच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे किती दिवस गेले ते सांगता येणार नाही. वीज नसली की मला वेळही कळत नाही.

त्या डब्यातून मला वायरमनने उचललं. हे त्याचं नाव नव्हे, पण लहानथोर सगळे त्याला वायरमनच म्हणायचे. बसच्या डेपोत विजेचं काम करून तो निवृत्त झाला होता. सामान पोचवणारी एक जुनी बंद गाडी घेऊन तो तिचं घर करत होता. दोन वर्षं तो तिच्यात घुसलेलाच असायचा. दोन माणसांचा पलंग, बोटभर ओटा, छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, छतावर सोलरची पॅनेलं आणि पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. मला त्याने दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर बसवलं. पडदे त्याच्या बायकोने शिवले. तिला तो 'मालकीण' म्हणायचा आणि कपाट कुठे हवं यावरून रोज तिच्याशी भांडायचा. कपाट शेवटी तिला हवं होतं तिथेच लागलं.

मग आम्ही निघालो. अशा गाड्यांना वीज जोडून देणारे मुक्कामाचे तळ असतात, तिथे वायरमनला करमायचं नाही. त्याला तळ्याकाठी, माळावर, जिथे विजेचा खांब दिसत नाही अशा जागी राहायचं असायचं. तिथे सगळा संसार त्या दोन बॅटऱ्यांवर. वाटण करायचं ते दुपारी, कारण तेव्हा ऊन फुकट मिळतं. संध्याकाळी एक दिवा आणि रेडिओ. पंप हवा तेवढाच. एकदा त्याची धाकटी मेव्हणी पाहुणी आली आणि तिने केस वाळवायचं यंत्र लावलं. गाडीत एकदम सगळं बंद पडलं आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू वीज मीच खाल्ली.

गाडी उन्हात लावली की बॅटऱ्यांचं पोट भरायचं आणि मालकीण भाजून निघायची. सावलीत लावली की ती खूश, बॅटऱ्या उपाशी. यावर त्यांचं कधी एकमत झालं नाही. छत्री घेऊन बाहेर बस, असं तो म्हणायचा. मग लग्न बॅटरीशीच करायचं होतंत, असं ती म्हणायची आणि छत्री घेऊन बाहेर बसायची.

वायरमनचा एक नेम होता. ऊन पॅनेलवर पडायच्या आधी तो उठायचा, फ्रिजसकट सगळं घटकाभर बंद करायचा आणि चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा. मला तेव्हाच विचारायचं असतं. दुपारी ऊन बॅटरीत वीज ढकलत असतं, त्यामुळे मी वरचा आकडा दाखवतो. तो आकडा उन्हाचा. पाहुणे आले की आजारी माणूसही उठून बसतो, हसून बोलतो. पहाटे, विसावलेल्या बॅटरीचा आकडा तेवढा तिचा स्वतःचा. साडेबाराच्या वर असेल तर पोट भरलेलं. बाराच्या खाली गेला तर दुखणं आहे. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला वायरमन हे समजावून सांगायचा. लोक मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारीच बघायचे.

अशी अकरा वर्षं गेली. मग त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मागोमाग गुडघे गेले. गाडी वर्षभर शेडखाली उभी राहिली. आमच्या बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या, त्यांना वरचेवर पाणी घालावं लागतं. ते पाणी तो विसरला. जगाला सांगत फिरणारा माणूस, आणि नेमका तोच विसरला. आठवलं तोवर आतल्या पट्ट्या कोरड्या पडल्या होत्या. त्याने पाणी घातलं, गाडी उन्हात काढली, आठ दिवस वाट बघितली. पहाटे माझा काटा बाराच्या खालीच. त्यानंतर तो माझ्यासमोर उभा राहीनासा झाला. दारातून ये-जा करायचा, पण मान वळवून.

मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला जायचं ठरलं. तिथे गाडीला जागा नव्हती. एक भंगारवाला येऊन पावलांनी गाडीची लांबी मोजून गेला. तो गेल्यावर वायरमन बराच वेळ पायरीवर बसून होता. गाडीचे तुकडे होऊ नयेत, एवढीच त्याची इच्छा होती.

आणि मग गाडी बघायला सिस्टर आली.

सिस्टर म्हणजे इस्पितळातली नर्स. चाळिशीची, मोजकं बोलणारी. सोबत तिची आई. आईला झोपताना श्वासाचं यंत्र लावावं लागायचं आणि शहराच्या धुराने तिचा दम वाढत होता. डोंगराकडच्या मोकळ्या हवेत तिला घेऊन राहायचं, म्हणून सिस्टरला ही गाडी हवी होती. आई पलंगावर बसली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि हसली. सिस्टरने सगळं तपासलं. मग तिने विचारलं, यंत्र रातभर चालेल का?

भर दुपार होती. वायरमनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे बघा की. चौदाला टेकलाय."

मी चौदालाच होतो. मी काही खोटं दाखवलं नव्हतं. पण त्या क्षणी माझ्यावर टोपी असती तर बरं झालं असतं.

सिस्टर खूश झाली. परवा येऊन गाडी घेऊन जाते म्हणाली. त्या दोघी गेल्यावर मालकिणीने कप विसळले, पालथे घातले.

"अहो, तुम्ही दुपारचा आकडा दाखवलात."

"तिने विचारलं तेव्हा दुपारच होती."

"त्या म्हातारीचं यंत्र मध्येच बंद पडलं तर?"

त्याने मनात हिशेब केला. खरं सांगितलं तर सिस्टर माघार घेणार आणि मग तो पावलं मोजणारा येणार. शिवाय काय सांगायचं? डेपोतला वायरमन बॅटरीला पाणी घालायला विसरला? मालकिणीने फोन आणून त्याच्या मांडीवर ठेवला. दिवे लागायच्या वेळी त्याने तो उचलला आणि सिस्टरला सांगितलं, उद्या या, पण ऊन यायच्या आधी या.

ती पहाटे आली, एकटीच, स्वेटर घालून. वायरमनने सगळं बंद केलं आणि बाजूला सरकला. ती माझ्यासमोर उभी राहिली. माझा काटा बाराच्या खाली होता.

"काल बघितलात तो उन्हाचा आकडा होता," तो म्हणाला. "बॅटरीचा हा. पाणी घालायचं मी विसरलो. तुमच्या आईचं यंत्र दोन तास चालेल, फार तर अडीच."

रोज माणसांच्या नाडीचे आकडे बघणारी बाई ती, तिला जास्त सांगावं लागलं नाही.

"काल का नाही सांगितलंत?"

"काल तुमच्या आईला खिडकी आवडली होती."

तिने ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. पलंगाखाली वाकून बघितलं. वायरी कुणी घातल्या म्हणून विचारलं. मी, तो म्हणाला. जाड घातल्यात, नव्या बॅटऱ्या बसतील, वायरी बदलाव्या लागणार नाहीत. ती उठली, विचार करून कळवते म्हणाली आणि गेली. दोन दिवस वायरमनला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडीच्या दारात दोन नव्या बॅटऱ्या उतरल्या. मागे सिस्टर उभी होती. बसवून तुम्हीच द्यायच्या, एवढंच तिने सांगितलं. ज्याने स्वतःची चूक दाखवली त्याच्याच हातचं काम मला हवं, असंही म्हणाली.

त्याने बसवल्या. गुडघे वाकत नव्हते म्हणून आडवा पडून बसवल्या. मालकीण पाने एकेक करून हातात देत होती आणि चुकीचा दिला की तो पूर्वीसारखाच वैतागत होता. रात्री सिस्टरने आईला गाडीतच झोपवलं आणि यंत्र लावलं. सकाळी माझा काटा सव्वाबाराच्या वर होता. श्वासाचं यंत्र रातभर चालून. मला स्वतःलाच बरं वाटलं.

आता मी म्हातारा झालोय. काचेला कोपऱ्यात बारीक चीर आहे, तबकडी पिवळी पडलीय. नव्या गाड्यांत माझ्या जागी चमकणारे पडदे असतात म्हणे, शेकडा किती ते थेट सांगतात. सांगू देत. माझं मागणं एवढंच आहे, मला पहाटे विचारत जा. मला, आणि घरात कुणी दमलेलं माणूस असेल तर त्यालाही. चार लोकांत, उजेडात सगळेच बरे दिसतात.

नव्या बॅटऱ्यांच्या त्या पहिल्या सकाळी वायरमन हत्यारांची पिशवी भरून पायरीपाशी उभा होता. मालकीण पुढे जाऊन फाटकाशी थांबली होती. फ्रिज किती वाजता बंद ठेवायचा, पाणी किती दिवसांनी घालायचं, हे सगळं सिस्टरला सांगून झालं होतं. तेवढ्यात पलंगावरून आई बोलली. तिला दम पुरत नसे, म्हणून एकेक शब्द सावकाश.

"आकडा मी बघत जाईन. मला पहाटे जाग असतेच."

वायरमनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, दाराची चौकट धरून जपून पायरी उतरला आणि फाटकाकडे चालायला लागला.