देवीचा रुमाल

दीपमालाने भुवयांच्या चिमट्याने कडुनिंबाचं वाळकं पान अलगद उचललं आणि श्वास रोखून कोऱ्या कागदावर ठेवलं. फुंकर लागली तर सगळा इतिहासच उडून जाईल, अशी तिला धास्ती. रुमालात, म्हणजे लाल कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या त्या गठ्ठ्यात, आणखीही पानं होती. कागद निजामाच्या राज्यातले, देवीच्या साथीचे आणि लस टोचण्याचे. ते वाचता यावेत म्हणून हट्टा गावच्या शेतकऱ्याची ही पोर उर्दू शिकली होती.

अडचण एकच होती. औरंगाबादच्या तिच्या मार्गदर्शक सरांनी प्रबंधातलं हे प्रकरण परत पाठवलं होतं. अंमलदार काय म्हणाले ते सगळं आलंय, लोकांना काय वाटत होतं ते कुठं आहे, असा त्यांचा सवाल होता. तो रास्त होता, म्हणूनच तिला जास्त लागला. हे प्रकरण उभं राहिलं नाही तर प्रबंधच बारगळणार होता.

आणि आज ही पानं! देवी आलेल्या घराच्या दाराला निंब बांधायचे, तसा त्या काळच्या कुणा कारकुनाने देवीच्या कागदांतही निंब ठेवला होता. हिंगोलीच्या त्या दप्तरखान्यात जागा असती तर ती नाचलीच असती.

"मामा, एखादं पाकीट मिळेल का?"

जळबा शिपाई टेबलाशी आला. डोंगरकडा गावचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, निवृत्तीला टेकलेला माणूस. चेहऱ्यावर देवीचे व्रण. त्याने पानाकडे पाहिलं.

"पाला जुना झाला व्हय? टाकून द्या ताई. उद्या ताजा आणतो."

"म्हणजे? हा तुम्ही ठेवलाय?"

"मीच की. दर साली बदलतो. अवंदा राहून गेलं."

दीपमालाने चिमटा खाली ठेवला. निजामाच्या काळातलं पान बघता बघता गेल्या वर्षीचं झालं होतं. तिने तर मनातल्या मनात प्रकरणाचं नावसुद्धा ठरवून टाकलं होतं. तिला आधी स्वतःचंच हसू आलं आणि मग डोळे भरून आले.

"कसरीसाठी ठेवता ना?"

"व्हय. कसर लागती कागदाला."

चहा तरी घ्यावा म्हणून ती उठली. जाताना शेजारच्या फळीवर हात टेकला आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. तिने एक रुमाल सोडून पाहिला, मग दुसरा. प्लेगच्या कागदांत गोळ्या, हिवतापाच्या कागदांत गोळ्या, नारूच्याही. निंब कुठेच नव्हता.

"मामा, कसर तर सगळ्यांनाच लागते. मग त्या एकाच रुमालात गोळ्या का नाहीत?"

जळबा फडक्याने टेबल पुसू लागला. टेबल स्वच्छच होतं.

"बाकीचे रोग हायत ताई," तो म्हणाला. "ह्यात त्या हायत."

"कोण?"

"देवी. दुसरं कोण? आमच्या घरी आल्या व्हत्या. मी लेकरू व्हतो. त्यांना वासाची तकलीफ व्हती म्हणून माय भाजीला फोडणीबी देत नव्हती. निंब तेवढा चालायचा. मी राह्यलो. धाकटी बहीण गेली. मग असल्या उग्र गोळ्या त्यांच्याजवळ ठिवायच्या काहून?"

दीपमाला पुन्हा खुर्चीत बसली. देवीचा रोग जगातून कधीच गेला होता. तिच्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं होतं. आणि इथे, सन दोन हजार दोनमध्ये, एक सरकारी शिपाई देवीला त्रास नको म्हणून दर वर्षी पाला बदलत होता. सर जे मागत होते ते तिच्यासमोर हातात फडकं घेऊन उभं होतं. आनंदाने तिने वही पुढे ओढली.

"मामा, हे मी लिहू?"

"साहेब हसतील मला."

"तुमचं नाव नाही घालणार."

जळबाने फडकं खांद्यावर टाकलं.

"मंग लिहा. पण घाबरून ठिवला असं लिहू नका. घाबरत न्हाई मी. मान देतो."

"तसंच लिहिते," दीपमाला म्हणाली, आणि त्याच्यासमोरच तिने ते शब्द उतरवून घेतले.

संध्याकाळी जळबा मागच्या खिडक्या लावायला गेला. दीपमालाने कागद सारखे केले, पाला होता तसा परत ठेवला आणि रुमालाची गाठ मारली. दिवसभरातलं सगळं तिने टिपून घेतलं होतं. कोणत्या फळीवर काय आहे, कशात गोळ्या, कशात निंब, जळबा काय म्हणाला.

तिने दाराकडे नजर टाकली. कुणी नव्हतं. तिने पायातल्या चपला काढल्या आणि रुमालाला हात जोडले.

एवढं मात्र तिने वहीत लिहिलं नाही.