पानावरची फुलदाणी

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो, आणि माझा आवाज अजून दमदार आहे. विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत वादळाने पडलेल्या मेपलच्या खोडातून वर्ना हॅलोरनने मला कोरून काढले. त्यात तिचा सबंध हिवाळा गेला. मग बैलाचे जाड कातडे भिजवून तिने माझ्यावर ताणले, तेच माझे पान; दोर आवळले आणि शेजारी दारात येऊन उभे राहीपर्यंत मला बडवले.

वर्षातला सर्वांत मोठा दिवस कलू लागला की आमची मंडळी कुरणात जमतात. कुणी चंद्राला मानते, कुणी शिंगे असलेल्या जुन्या देवाला, कुणी नुसते झाडांना. कोण कशाला मानतो हे कुणी विचारत नाही. मध्ये मोठा जाळ, त्याभोवती नाचणारे, त्यांच्यामागे गाणारे आणि एका अंगाला आम्ही ढोल. लहान ढोलांनी हवे तेवढे नखरे करावेत. मी ठोका धरून ठेवतो. लहान ढोलांवरची पोरे भरधाव सुटली की वर्ना मानही वर न करता म्हणायची, "पळा, पळा. दमलात की इथंच येणार आहात." आणि ती येत.

आमच्यात एक नियम कडक आहे. दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

थंडीत वर्ना गेली. जूनमध्ये तिची मुलगी ब्रिन मला कुरणात घेऊन आली. मंडळींनी मला मानाने पूर्वेला ठेवले. माझ्या पानावर वर्नाचा फोटो आला, मेणबत्ती आली आणि रानफुलांची काठोकाठ भरलेली फुलदाणी आली. हेतू चांगलाच होता. पण पाणी झिरपले आणि माझे पान सैल पडले. ब्रिनकडे मला मागण्याचे धाडस कुणालाच झाले नाही.

जाळ पेटला. "पेट रे लाकडा, पेट, आम्ही जागे आहोत," असे गाणे सुरू झाले. ठोका धरून ठेवणारे कुणी नव्हते. लहान ढोल पळत सुटले, गाणाऱ्यांना धाप लागली, इकडचे "पेट"वर तर तिकडचे "जागे"वर. नाचणारे थांबले. काही जण खुर्च्या मिटू लागले.

तेव्हा वर्नाचा जुना साथीदार ओडेल ब्रिनपाशी येऊन बसला.

"तुझ्या आईनं हे पाहिलं असतं ना, तर ही फुलदाणी माझ्या डोक्यावर रिकामी केली असती."

"मग विचारलं का नाही कुणी?"

"नियम. शिवाय तुझा चेहरा."

ब्रिनने आईच्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाली, "काका, यावरचा शेवटचा ठोका तिचा आहे. मी वाजवला की तो जाईल."

ओडेलने तिचे सांत्वन केले नाही. "शेवटचा कसला? मी होतो ना तिथं. वाजवता वाजवता खोकला आला, म्हणून पाणी प्यायला उठली. परत येऊन बसणार होती. अर्धवट राहिलंय ते, पोरी."

ब्रिनने फोटो उतरवला, मेणबत्ती विझवली, फुलदाणी गवतात ठेवली. बाहीने माझे पान पुसले. मग मला जाळाजवळ नेले, पण बेताने. फार जवळ नेले तर पान फाटते. मधूनमधून तळहात ठेवून ती ऊब पाहत होती. सैल पडलेले पान हळूहळू आवळत गेले.

तिने टिपरू उचलले. पहिला ठोका वाकडा पडला. दुसराही. लहान ढोलांनी वेग कमी केला आणि ते तिच्यासाठी थांबले. मग तिला ठोक्याची जागा सापडली. गाणे एक झाले. मिटलेल्या खुर्च्या तशाच राहिल्या, कारण बसायला कुणाला सवड नव्हती.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचे एखादे वाद्य तुमच्याही घरात असेल. ते पुसा, त्याला ऊब द्या आणि चार माणसांत नेऊन वाजवा. सुरुवातीला चुकेल. तेवढे आम्ही सांभाळून घेतो.